परदेशी ग्राहकांच्या तक्रारी आणि नवा ऑनलाइन विक्रेता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कसबा पेठेच्या तांबट आळीतील तांब्याची भांडी, हातमागाची वस्त्रे, चांदीचे दागिने, हाताने बांधलेल्या वह्या अशा वस्तू पुण्यातून थेट परदेशी ग्राहकांना विकणाऱ्या लहान विक्रेत्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. पहिली तक्रार आली की नवा विक्रेता बहुधा घाबरून लगेच पैसे परत करतो, नाहीतर चिडून लांबलचक उत्तर लिहितो, आणि दोन्हींमुळे त्याचेच नुकसान होते. तक्रारीचा निकाल देणारी व्यक्ती आपली वस्तू कधीही हातात घेत नाही. तिच्यासमोर वस्तूचे वर्णन, छायाचित्रे, ट्रॅकिंगची नोंद आणि दोघांमधील संदेश एवढेच असते, हे लक्षात घेऊन पुढील उत्तरे वाचावीत. निरनिराळ्या संस्था आपले नियम अधूनमधून बदलतात, म्हणून येथे दिलेल्या मुदती प्रत्यक्ष तक्रारीच्या वेळी त्या संस्थेच्या नियमांशी एकदा ताडून पाहाव्यात.

तक्रार, केस, क्लेम आणि चार्जबॅक हे सगळे एकच आहे का?

नाही, आणि हा फरक समजला नाही तर चुकीच्या ठिकाणी उत्तर देण्यात मुदत निघून जाते.

ग्राहकाने संदेश पाठवून नाराजी कळवली, तर ती साधी तक्रार असते आणि ती दोघांनी आपसात मिटवायची असते. विक्रीच्या संकेतस्थळावर त्याने रीतसर नोंद केली की तिची केस होते. ईबे या संकेतस्थळावर वस्तू मिळाली नाही किंवा वर्णनाप्रमाणे नाही या कारणासाठी ग्राहक साधारणपणे वस्तू पोहोचण्याच्या (किंवा तशी अपेक्षा असलेल्या) तारखेपासून ३० दिवसांत केस उघडू शकतो आणि विक्रेत्याला तोडगा काढण्यासाठी कामकाजाचे ३ दिवस मिळतात. त्यानंतर ग्राहक ईबेला मध्यस्थी करण्यास सांगू शकतो.

पेपाल या ऑनलाइन पैसे देण्याघेण्याच्या सेवेत दोन पायऱ्या आहेत. पैसे दिल्यापासून १८० दिवसांत ग्राहक वाद नोंदवू शकतो. त्यानंतरच्या २० दिवसांत तो वाद क्लेममध्ये (म्हणजे पेपालनेच निकाल द्यावा अशा रीतसर मागणीत) बदलला गेला नाही, तर आपोआप बंद होतो. क्लेम झाला की मात्र विक्रेत्याला पुरावे देण्यासाठी १० दिवसच मिळतात. (पेपालने भारतातील देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले असले, तरी परदेशातून पैसे स्वीकारण्याची सोय चालू आहे.)

चार्जबॅक या सर्वांहून वेगळा असतो. येथे ग्राहक संकेतस्थळाकडे न जाता थेट आपल्या कार्डाच्या बँकेकडे जातो, आणि निर्णयही बँकेच्या व कार्ड कंपनीच्या नियमांनुसार होतो. व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्या बहुतेक प्रकारांत ही मुदत साधारण १२० दिवसांची असते. माल न मिळाल्याच्या प्रकारात ती खरेदीच्या तारखेऐवजी माल अपेक्षित असलेल्या तारखेपासून मोजली जाऊ शकते. आपल्याकडे कार्डाच्या बँकेला फोन करून पैसे परत मागण्याची सवय अजून फारशी नाही. अमेरिकी आणि ब्रिटिश ग्राहकांना ती आहे, कारण त्यांना कायद्याचाच आधार आहे. अमेरिकेतील फेअर क्रेडिट बिलिंग अ‍ॅक्ट आणि ब्रिटनमधील कन्झ्युमर क्रेडिट अ‍ॅक्ट हे दोन्ही कायदे १९७४ चे आहेत. ब्रिटिश कायद्याच्या कलम ७५ नुसार १०० पौंडांहून अधिक आणि ३०,००० पौंडांपर्यंत किमतीच्या वस्तूबाबत क्रेडिट कार्ड देणारी संस्था विक्रेत्याइतकीच जबाबदार धरली जाते. त्यामुळे चार्जबॅक आला म्हणजे ग्राहक फसवतोच आहे, असा ग्रह करून घेऊ नये.

तक्रार आली. पहिल्या दिवशी काय करावे?

तक्रार कोणत्या मार्गाने आली आहे आणि उत्तराची शेवटची तारीख कोणती आहे, हे सर्वप्रथम टिपून ठेवावे. त्यानंतर ग्राहकाला दोन-तीन ओळींचे उत्तर द्यावे: संदेश मिळाला, आम्ही नोंदी तपासत आहोत, अमुक तारखेपर्यंत कळवतो. या टप्प्यावर चूक कबूल करू नये आणि नाकारूही नये.

वेळेच्या फरकाचा हिशेब आधीच करून ठेवावा. पुण्यात रात्रीचे साडेदहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात दुपारचा एक वाजलेला असतो, त्यामुळे अमेरिकी ग्राहकांच्या तक्रारी बहुधा आपल्या झोपेच्या वेळेत येतात. रात्रीच उठून उत्तर देण्याची गरज नसते. सकाळी शांतपणे लिहिलेले उत्तर नेहमीच बरे असते. मुदत कोणत्या देशाच्या घड्याळाप्रमाणे संपते, हे मात्र पाहावे आणि शेवटच्या दिवसावर काहीही ठेवू नये.

तारखा लिहिताना महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे. ०५/०६ म्हणजे आपल्यासाठी ५ जून, तर अमेरिकी ग्राहकासाठी ६ मे. पार्सल पोहोचण्याची तारीख अशी आकड्यांत लिहिल्यास 'महिनाभर उशीर झाला' अशी तक्रार अगदी प्रामाणिक ग्राहकाकडूनही येऊ शकते.

ग्राहक म्हणतो की पार्सल मिळालेच नाही. आता काय?

परदेशी विक्रीत सर्वाधिक गाजणारी तक्रार हीच आहे आणि तिचा निकाल जवळजवळ पूर्णपणे ट्रॅकिंगवर लागतो. म्हणून थोडे पैसे वाचवण्यासाठी ट्रॅकिंग नसलेल्या सेवेने माल पाठवणे नव्या विक्रेत्याला परवडत नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

टपाल खात्यामार्फत पाठवलेल्या आंतरराष्ट्रीय वस्तूचा क्रमांक १३ चिन्हांचा असतो : आरंभी दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची दोन अक्षरे. पार्सल भारताबाहेर पडल्यावर आपल्या टपाल खात्याच्या संकेतस्थळावरील नोंद बरेचदा थांबल्यासारखी दिसते. तोच क्रमांक त्या देशाच्या टपाल सेवेच्या संकेतस्थळावर टाकावा. यूएसपीएस (अमेरिका), रॉयल मेल (ब्रिटन) किंवा ऑस्ट्रेलिया पोस्टकडे पुढची नोंद अनेकदा आधी दिसते. ग्राहकालाही तोच दुवा पाठवावा, कारण स्वतःच्या देशाच्या टपाल खात्यावर त्याचा अधिक विश्वास असतो, आणि 'जवळच्या टपाल कार्यालयात आपली वाट पाहत आहे' अशी नोंद दिसली की तक्रार तेथेच संपते.

पार्सल खरोखरच अडकले असेल, तर ज्या कार्यालयात बुकिंग केले तेथे पावती दाखवून लेखी चौकशी नोंदवावी. जागतिक टपाल संघाच्या नियमांनुसार अशी चौकशी टपालात दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावी लागते. पुण्यातील टपाल मुंबईच्या परदेशी टपाल कार्यालयातून बाहेर जाते, म्हणून साधू वासवानी रस्त्यावरील जीपीओत किंवा लक्ष्मी रस्त्यावरील सिटी पोस्टात 'आमच्याकडून निघाले' असे उत्तर मिळाल्यास वाद न घालता लेखी चौकशीचा क्रमांक घ्यावा. तक्रारीत पुरावा म्हणून तोच क्रमांक जोडता येतो.

आणि पैसे? अपेक्षित तारीख उलटून गेली असेल आणि ट्रॅकिंगमध्ये पोहोचल्याची नोंद नसेल, तर केस जिंकण्याची आशा धरू नये. चौकशीला महिने लागतात आणि ग्राहकाला तोवर थांबवून ठेवता येत नाही. पैसे परत करावेत आणि भरपाईसाठी टपाल खात्याशी किंवा कुरियरशी स्वतंत्रपणे लढावे. पार्सल पुढे पोहोचले तर पैसे पुन्हा पाठवण्याची विनंती ग्राहकाला नम्रपणे करता येते आणि काही ग्राहक पाठवतातही, पण त्यावर हिशेब मांडू नये.

ट्रॅकिंगमध्ये 'पोहोचले' असे दिसते, तरीही ग्राहक नाकारतो आहे.

येथे पारडे विक्रेत्याकडे झुकते. पार्सल व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावरच पोहोचल्याचा पुरावा असला, तर ईबे आणि पेपाल दोघेही 'मिळाले नाही' या प्रकारात सर्वसाधारणपणे विक्रेत्याची बाजू घेतात. मात्र ७५० डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीच्या व्यवहारात घेणाऱ्याच्या सहीची नोंद लागते. चांदीचे जड दागिने किंवा पैठणी विकणाऱ्यांनी ही मर्यादा लक्षात ठेवून सहीसह पोहोचवण्याची सेवाच निवडावी.

तरीही उत्तरात 'तुम्ही खोटे बोलत आहात' असा सूर नसावा. अमेरिकेत पार्सले अनेकदा दाराबाहेर ठेवली जातात आणि तेथून ती चोरीला जाणे ही तेथली नित्याची तक्रार आहे. शेजारी, इमारतीचा स्वागतकक्ष आणि स्थानिक टपाल कार्यालय येथे चौकशी करण्यास सुचवावे, पोहोचल्याची तारीख व वेळ द्यावी आणि थांबावे.

'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' ही तक्रार कशी हाताळावी?

या प्रश्नाचे उत्तर लांब आहे, कारण हस्तकलेच्या विक्रेत्यांचे सर्वाधिक पैसे येथेच जातात. शिवाय पेपालचे विक्रेता-संरक्षण या प्रकाराला लागूच होत नाही. ते माल न मिळणे आणि अनधिकृत व्यवहार या दोनच प्रकारांना लागू होते.

तांब्याच्या ठोक्याच्या घागरीचे उदाहरण घेऊ. मठारकामाच्या (हातोडीने ठोकण्याच्या) खुणा एकमेकींसारख्या नसतात, कल्हईचा थर आतून करडा आणि थोडा असमान दिसतो, आणि तांबे हवेतील ओलाव्याने व हाताच्या स्पर्शाने काळवंडते. कसबा पेठेत वाढलेल्या माणसाला यात सांगण्यासारखे काही वाटणार नाही. पण जर्मनीतील एखाद्या शहरात पेटी उघडणाऱ्या ग्राहकाने यंत्रावर बनलेली, लाखेचा पारदर्शक थर दिलेली भांडीच पाहिलेली असतात. त्याच्या दृष्टीने ठोक्याची खूण म्हणजे चेपलेली जागा, काळपट डाग म्हणजे वापरलेली वस्तू आणि कल्हई म्हणजे खराब रंगकाम. तो खोटे बोलत नसतो, आणि आपणही फसवलेले नसते. असा वाद ज्याच्या बाजूने लेखी वर्णन बोलते, त्याच्या बाजूने सुटतो.

म्हणून लिस्टिंगमध्ये (संकेतस्थळावरील वस्तूच्या वर्णनाच्या पानावर) या गोष्टी दोष म्हणून नव्हे, तर वस्तूचे गुणधर्म म्हणून, परंतु स्पष्ट शब्दांत लिहाव्यात. हाताने ठोकलेले असल्याने पृष्ठभाग असमान आहे, वापराने व हवेने रंग गडद होईल, आतून कथिलाची कल्हई आहे, उंची व वजनात अमुक इतका फरक पडू शकतो. मापे सेंटिमीटर आणि इंच दोन्हींत द्यावीत आणि हातात धरलेल्या स्थितीतील किमान एक छायाचित्र असावे, कारण 'फारच लहान निघाले' ही तक्रार मापे लिहूनही येते. 'हस्तनिर्मित असल्याने थोडाफार फरक संभवतो' या एका गोलमोल वाक्याचा निर्णय देणाऱ्यावर काहीही परिणाम होत नाही. खाण्यापिण्याच्या भांड्यांबाबत कल्हई नसलेल्या तांब्यात आंबट पदार्थ ठेवू नयेत, ही सूचनाही लिस्टिंगमध्ये असावी. साड्या, दुपट्टे आणि इतर वस्त्रांबाबत छटेची तक्रार मोठी असते. खिडकीजवळच्या उजेडात काढलेले एक विनासंस्करण छायाचित्र तेथे बरेच काम करते.

तक्रार आल्यावर प्रथम छायाचित्रे मागवावीत : संपूर्ण वस्तूचे, तक्रारीच्या जागेचे आणि पेटीचे. मग ती पाठवण्यापूर्वी काढलेल्या छायाचित्रांशी ताडून पाहावीत. पाठवण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचे चारही बाजूंनी आणि वजनकाट्यावर ठेवलेले छायाचित्र काढून ऑर्डर क्रमांकासह जपण्याची शिस्त ज्या विक्रेत्याने लावून घेतलेली नाही, त्याला या टप्प्यावर केवळ शब्दांनी लढावे लागते.

यानंतर सरळ हिशेब करावा. वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्याचा खर्च बहुतेक संकेतस्थळांच्या नियमांनुसार विक्रेत्यावर पडतो. चाळीस डॉलरच्या भांड्यासाठी अमेरिकेहून पुण्यापर्यंतचा परतीचा टपालखर्च किमतीच्या आसपास किंवा त्याहून अधिक होऊ शकतो. तक्रारीत तथ्य असले आणि वस्तू वापरण्याजोगी असली, तर किमतीचा काही भाग परत करून वस्तू ग्राहकाकडेच राहू देणे बहुधा दोघांच्याही सोयीचे असते. मात्र हा प्रस्ताव पहिल्याच उत्तरात ठेवू नये. छायाचित्रे येण्याआधी सवलत देऊ केली, की तक्रार करणे फायद्याचे आहे असा संदेश जातो. रक्कम संकेतस्थळाच्या रिफंडच्या सोयीतूनच परत करावी, अन्य मार्गाने पाठवलेल्या पैशांची नोंद केसमध्ये धरली जात नाही.

वस्तू फुटून किंवा चेपून पोहोचली तर?

ग्राहकाच्या दृष्टीने ही विक्रेत्याचीच जबाबदारी आहे, आणि संकेतस्थळेही तेच मानतात. 'कुरियरने फोडले, आमचा दोष नाही' हे उत्तर देऊ नये. पेटी व आतील वेष्टन फेकू नये, असे ग्राहकाला त्याच दिवशी कळवावे, कारण कुरियर कंपन्या भरपाईसाठी त्यांची छायाचित्रे मागतात. विमा उतरवलेला नसेल तर भरपाईची रक्कम बहुधा वजनावर ठरते आणि ती नगण्य असते.

माल परत मागवला तर भारतात पुन्हा सीमाशुल्क भरावे लागते का?

निर्यात केलेली तीच वस्तू परत येत असेल, तर ३० जून २०१७ च्या सीमाशुल्क अधिसूचना क्रमांक ४५/२०१७ नुसार सवलत मिळू शकते. वस्तू तीन वर्षांच्या आत परत यावी लागते, ती तीच असल्याचे सीमाशुल्क अधिकाऱ्याला पटावे लागते आणि निर्यातीच्या वेळी घेतलेला कराचा लाभ परत करावा लागतो. यासाठी मूळ टपाल निर्यात बिल किंवा शिपिंग बिल (निर्यातीच्या वेळी सीमाशुल्क खात्याकडे भरलेला कागद), बीजक आणि ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार हाताशी हवा. ग्राहकाने परतीच्या जाहीरनाम्यावर 'परत आलेला भारतीय माल' असे न लिहिता नुसतेच किमतीसह वस्तूचे नाव लिहिले, तर ती नवी आयात समजली जाण्याचा धोका असतो, म्हणून काय लिहायचे हे त्याला शब्दशः कळवावे. दोनतीन हजार रुपयांच्या वस्तूसाठी हा सारा खटाटोप करण्यात अर्थ नाही.

ग्राहकाने तेथील कर भरण्यास नकार दिला आणि पार्सल अडकले. जबाबदारी कोणाची?

लिस्टिंगमध्ये काय लिहिले होते त्यावर हे ठरते. आयात कर ग्राहकाने भरायचा आहे असे स्पष्ट लिहिले असेल, तर भूमिका भक्कम असते; काहीच लिहिले नसेल, तर ग्राहकाचा राग समजण्याजोगा आहे.

गेल्या काही वर्षांत या बाबतीत पुष्कळ बदल झाले आहेत. युरोपीय संघाने १ जुलै २०२१ पासून लहान पार्सलांवरील व्हॅटची (मूल्यवर्धित कराची) सूट काढून टाकली. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या मालावरील व्हॅट विक्रीच्या वेळीच आकारला जातो, आणि विक्री मोठ्या संकेतस्थळावरून झाली असल्यास तो तेच संकेतस्थळ वसूल करते. सर्वांत मोठा धक्का अमेरिकेचा होता. ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला असलेली करमाफी तेथे २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी थांबवण्यात आली. त्या गोंधळात भारतीय टपाल खात्याने अमेरिकेचे बहुतेक बुकिंग ऑगस्टच्या अखेरीस बंद ठेवले आणि १५ ऑक्टोबर २०२५ पासून पुन्हा सुरू केले. त्या काळात अडकलेल्या ऑर्डरींवरून झालेल्या तक्रारींत विक्रेत्यांचा दोष नव्हता, पण ज्यांनी ग्राहकांना आपणहून कळवले त्यांचीच सुटका सोपी झाली.

अमेरिकी कराचे दर स्थिर राहिलेले नाहीत, म्हणून प्रत्येक बुकिंगच्या वेळी चालू दर विचारून घ्यावा आणि शक्य असेल तेथे कर आधीच भरून पाठवण्याची सेवा निवडावी. किंमत थोडी वाढते, परंतु दारात आलेल्या अनपेक्षित बिलावरून होणारा वाद टळतो. टपालाच्या सीमाशुल्क जाहीरनाम्यावर माल न स्वीकारल्यास तो परत पाठवावा की सोडून द्यावा, हे लिहिण्याची जागा असते. ती कोरी ठेवू नये.

दिवाळीत फराळ विकणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी लक्षात घ्यावी. घरी केलेला फराळ नातेवाइकांना भेट म्हणून पाठवणे आणि तोच फराळ विकणे यांत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दृष्टीने मोठा फरक आहे. विक्रीसाठीच्या खाद्यपदार्थांची पूर्वसूचना द्यावी लागते. ती न दिल्याने पार्सल अडकले, तर ग्राहकाची 'मिळाले नाही' ही तक्रार खरीच ठरते.

ग्राहक सांगतो की पार्सलवर 'भेटवस्तू' लिहा किंवा किंमत कमी दाखवा. ऐकावे का?

ऐकू नये. हे खोटे निवेदन ठरते आणि त्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर, म्हणजे आपल्यावर येते. पार्सल हरवले तर भरपाईही त्या कमी दाखवलेल्या किमतीवरच मिळते, आणि चार्जबॅकमध्ये बीजकावर एक किंमत व जाहीरनाम्यावर दुसरी दिसली की आपल्या सगळ्याच कागदांवरचा विश्वास उडतो.

वस्तू ठीक आहे, पण ग्राहकाचे मत बदलले. परत घ्यावीच लागते का?

देशावर अवलंबून आहे. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये ऑनलाइन खरेदी मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता रद्द करण्याचा हक्क ग्राहकाला आहे. ग्राहकाच्या मागणीनुसार खास बनवलेल्या, उदाहरणार्थ नाव कोरलेल्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. अमेरिकेत ऑनलाइन खरेदीसाठी असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही, तेथे विक्रेत्याने जाहीर केलेले धोरण आणि संकेतस्थळाचे नियम चालतात. मत बदलल्यास परतीचा खर्च ग्राहकाने करायचा, हे आधीच लिहून ठेवावे.

'पैसे परत करा, नाहीतर वाईट अभिप्राय देईन,' अशी धमकी आली आहे.

अभिप्रायाच्या धाकाने ठरल्यापेक्षा अधिक काही मागणे ईबेच्या नियमांत बसत नाही आणि त्याविरुद्ध तक्रार नोंदवता येते. अट एकच की, धमकी संकेतस्थळाच्या संदेशांत लिहिलेली असली पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फोनवर दिलेल्या धमकीचा तेथे उपयोग होत नाही. याच कारणासाठी ग्राहकाने कितीही आग्रह केला तरी बोलणे संकेतस्थळाबाहेर नेऊ नये. एखादा वाईट अभिप्राय आलाच, तर त्याखाली दोन सभ्य ओळी लिहाव्यात. या ओळी त्या ग्राहकासाठी नसतात, पुढच्या ग्राहकासाठी असतात.

पैसे दिल्यावर ग्राहकाने पत्ता बदलून मागितला. द्यावा का?

पेपालचे संरक्षण व्यवहारात नोंदवलेल्या पत्त्यावर माल पाठवला तरच मिळते. म्हणून ऑर्डर रद्द करून नव्या पत्त्यासह पुन्हा नोंदवण्यास सांगावे. प्रामाणिक ग्राहक थोडी कुरकुर करतो आणि ऐकतो. जो ऐकत नाही आणि घाईही करतो, त्याच्या ऑर्डरकडे संशयाने पाहावे, विशेषतः ती महागड्या वस्तूची असेल तर.

चार्जबॅक आला. पुरावे कसे द्यावेत?

आधी कारण वाचावे. कार्डधारक म्हणतो की व्यवहार त्याने केलाच नाही, माल मिळाला नाही की माल वेगळाच आला, यावर पुरावा बदलतो. पहिल्या प्रकारात ग्राहकाशी झालेला संवाद आणि त्याच पत्त्यावर आधी पोहोचलेल्या ऑर्डरी उपयोगी पडतात. दुसऱ्यात ट्रॅकिंग आणि सही. तिसऱ्यात लिस्टिंगचे त्या दिवशीचे रूप, पाठवण्यापूर्वीची छायाचित्रे आणि परतीचे धोरण. बँकेतील कर्मचारी एका प्रकरणाला फारसा वेळ देत नाही. पानभर कैफियत लिहिण्यापेक्षा घटनाक्रमाच्या पाचसहा ओळी आणि त्यांना क्रमांक देऊन जोडलेली कागदपत्रे असावीत. पावती किंवा बीजक मराठीत असल्यास इंग्रजी प्रत सोबत द्यावी.

येथे एक धोका नव्या विक्रेत्यांच्या लक्षात येत नाही. चार्जबॅक सुरू झाला की रक्कम आधीच आपल्या खात्यातून काढून घेतलेली असते. अशा वेळी दया येऊन किंवा घाबरून वेगळा रिफंड दिला, तर तीच रक्कम दोनदा जाते आणि एक परत मिळवणे फार कठीण होते. उलट, रिफंड आधी दिला असेल आणि चार्जबॅक नंतर आला, तर रिफंडची तारीख व क्रमांक हाच पुरेसा पुरावा असतो. चार्जबॅकचे शुल्क आपण जिंकलो तरी अनेकदा परत मिळत नाही, म्हणून लहान रकमेसाठी अडून बसण्यापूर्वी हा आकडा पाहावा.

पैसे परत केल्यावर जीएसटी आणि बँकेच्या कागदांचे काय?

निर्यात शून्य दराने करपात्र असली तरी रिफंडची नोंद करावीच लागते. माल परत आला किंवा किंमत कमी केली, तर केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३४ नुसार क्रेडिट नोट (मूळ बीजकाची रक्कम कमी झाल्याचा कागद) काढून ती जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात दाखवावी. बँकेच्या दृष्टीने निर्यातीचे बीजक आणि आलेले परकीय चलन यांचा मेळ लागला पाहिजे; रिफंडमुळे तो बिघडतो, म्हणून केसचा निकाल, रिफंडचा पुरावा आणि क्रेडिट नोट एकत्र ठेवावी. बँकेने वर्षभराने विचारणा केली तरी तेवढ्यावर उत्तर देता येते.

ग्राहक वकिलाची भाषा बोलतो आहे. खटला होऊ शकतो का?

तत्त्वतः होऊ शकतो, पण काही डझन डॉलरसाठी कोणी दुसऱ्या देशातील विक्रेत्यावर खटला भरत नाही. अमेरिकी न्यायालयाचा निकाल दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४ अ खाली येथे थेट अंमलात येत नाही. ब्रिटनच्या वरिष्ठ न्यायालयांचा येऊ शकतो. नाममुद्रेचा (ट्रेडमार्कचा) भंग किंवा वस्तूमुळे झालेली इजा असा विषय असेल, तर मात्र स्वतः उत्तर न देता वकिलाकडे जावे.

गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत उशीर होतोच. काय करावे?

ग्राहकाला अनंत चतुर्दशी माहीत नसते, आणि विसर्जनाच्या दिवशी मध्य पुण्यातील रस्ते बंद असल्याने कुरियरवाला आला नाही, हे कारण केसमध्ये चालत नाही. त्या आठवड्यांसाठी माल रवाना करण्याची मुदत लिस्टिंगमध्येच आधी वाढवावी किंवा दुकान सुट्टीवर ठेवावे.

पुण्यात मार्गदर्शन कोठे मिळेल?

निर्यातीच्या परवान्यासंबंधी विदेश व्यापार महासंचालनालयाचे पुण्यातील कार्यालय आणि सेनापती बापट रस्त्यावरील मराठा चेंबर ऑफ कॉमर्स यांच्याकडे जाता येते. टपालाने पाठवणाऱ्यांसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रे आहेत. तेथे निर्यात बिलाची नोंद ऑनलाइन करता येते.

असा कोणता माल आहे का, जो विकायलाच घेऊ नये?

आहे, आणि त्यावरून होणाऱ्या तक्रारीत विक्रेत्याला बाजूच नसते. बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारातून घेतलेली पितळेची मूर्ती किंवा समई परदेशात विकण्यापूर्वी तिचे वय तपासावे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला निर्यात करता येत नाही. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. वस्तू तितकी जुनी नसली तरी लिस्टिंगमध्ये 'प्राचीन' लिहिले, तर सीमाशुल्क अधिकारी ते पार्सल थांबवू शकतो. पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचे प्रमाणपत्र घेता येते. शिसवाच्या लाकडाच्या वस्तूंवर २०१७ पासून साइट्स या, धोक्यातील वनस्पती व प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत. एका खेपेत दहा किलोपर्यंतच्या तयार वस्तूंना त्यात सवलत असली, तरी लाकडाचे नाव कागदावर अचूक हवे. मोरपिसांची निर्यात बंद आहे, मग ती शोभेच्या पंख्यात असोत वा कानातल्या दागिन्यात.